वाळवंट खरंच पुढे सरकतंय का? उपग्रह काय सांगतात

वाळवंट पसरतंय म्हटलं की वाळूचे ढीग गावावर चालून येत आहेत, असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं. बहुतेक ठिकाणी तसं होत नाही. झाडं तुटतात, माती वाहून जाते, पाऊस दगा देतो आणि चांगली जमीन जागच्या जागी नापीक होते. हे इतकं हळू घडतं की बांधावर उभं राहून कळत नाही. म्हणून वरून पाहावं लागतं.

उपग्रहाला ते कसं कळतं? हिरवं पान उन्हातला लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परत फेकतं. पान सुकलं की हा फरक कमी होतो, उघड्या मातीवर तर फारच थोडा उरतो. हा फरक मोजून कुठे किती हिरवळ आहे ते ठरवतात. अमेरिकेचे लँडसॅट उपग्रह 1972 पासून पृथ्वीची छायाचित्रं घेत आहेत.

सहाराच्या दक्षिणेला साहेल नावाचा कोरडा पट्टा आहे. 1975 मध्ये सुदानमधल्या पाहणीवरून सांगितलं गेलं, की वाळवंट 17 वर्षांत 90 ते 100 किलोमीटर पुढे आलं. अशा दाव्यांमुळे गुरं चारणाऱ्या आणि लाकूड तोडणाऱ्या गरिबांवर खापर फुटलं. पण पाहणीच्या आधी तिथे मोठा दुष्काळ पडून गेला होता. पुढे 1980 ते 1990 ची उपग्रहचित्रं तपासली, तेव्हा वेगळंच दिसलं. पावसाप्रमाणे वाळवंटाची हद्द मागेपुढे होत होती. 1984 ते 1985 या एकाच वर्षात ती सरासरी 110 किलोमीटर मागे हटली! म्हणजे दोन फोटो शेजारी ठेवून निकाल देता येत नाही, अनेक वर्षांची नोंद लागते.

याच पट्ट्यातल्या मुस्लिमबहुल नायजर देशात शेतकऱ्यांनी शेतातल्या जुन्या खोडांना फुटलेले कोंब तोडायचं थांबवलं. ते कोंब वाढून झाडं झाली. दक्षिण नायजरमध्ये सुमारे 50 लाख हेक्टरवर अशी झाडं परतल्याचा अंदाज आहे, आणि हे बदल उपग्रहचित्रांतही दिसले.

आपल्याकडे इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने असाच नकाशासंग्रह केला आहे. त्यानुसार 2018-19 मध्ये देशातली 9 कोटी 78 लाख हेक्टर जमीन, म्हणजे जवळपास 30 टक्के, खालावलेली होती. सर्वाधिक खालावलेली जमीन असलेल्या राज्यांत महाराष्ट्रही आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. उपग्रहाला हिरवळ दिसते, पण ती ज्वारीची की वेडी बाभळीची, हे नेहमीच कळतं असं नाही. त्यासाठी शेतात जाऊन पाहणारा माणूस लागतोच. दुष्काळाची मदत, पाणलोटाची कामं अशाच नकाशांवरून ठरायची असतील, तर आपल्या गावाची जमीन नकाशात कशी दाखवली आहे, हे ग्रामसभेत विचारायला काय हरकत आहे?