टांगलेल्या केबलचा ताण मोजणारा प्रकाशतंतू

लखनौच्या मानकनगर भागातील संशोधन, अभिकल्प व मानक संघटना, म्हणजेच रेल्वेच्या व्यवहारातील ‘आरडीएसओ’, ही संस्था १९३० मधील केंद्रीय मानक कार्यालय आणि १९५२ मधील रेल्वे चाचणी व संशोधन केंद्र यांच्या एकत्रीकरणातून १९५७ मध्ये उभी राहिली. रुळांवरच्या वीजतारा आणि दूरसंचार केबल या दोहोंची मानके तेथेच ठरतात. विद्युत मार्गावरील नेहमीच्या रचनेत गाडीला वीज देणारी तार आणि तिला पेलणारी वरची तार या प्रत्येकीत सुमारे १००० किलोग्रॅम-बल इतका ताण राखला जातो, आणि उन्हाने तारा लांबल्या की टोकाच्या खांबावरील वजने खाली सरकून तो कायम ठेवतात. खांबांवरून नेलेल्या दूरसंचार केबलला अशी वजने नसतात. ती दोन्ही टोकांना जखडलेली असल्यामुळे, उन्हाळ्यात ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या आणि हिवाळ्यात ५ अंशांच्या आसपास उतरणाऱ्या लखनौच्या हवेत तिला आधार देणारी पोलादी तार ऋतूगणिक सैलावते आणि आखडते.

हा ताण ओळखण्याची जुनी रीत झोळ मोजण्याची आहे. दर मीटरला २०० ग्रॅम वजनाची केबल दोन खांबांमधील ५० मीटरच्या गाळ्यात अर्धा मीटर झोळ घेत असेल, तर तिच्यातील ताण सुमारे १२५ किलोग्रॅम-बल असतो आणि झोळ निम्मा झाला की तो दुप्पट होतो. मात्र हे मोजमाप प्रत्येक गाळ्यात स्वतंत्रपणे करावे लागते. प्रकाशतंतूने मात्र संपूर्ण मार्ग एका टोकाकडून वाचता येतो. तंतूत सोडलेल्या लेसरच्या स्पंदातील अत्यल्प प्रकाश काचेतील ध्वनिलहरींवरून विखुरून मागे येतो, ज्याला ब्रिलवाँ प्रकीर्णन म्हणतात, आणि १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला त्याची वारंवारता मूळ प्रकाशापेक्षा सुमारे ११ गिगाहर्ट्‌झने बदललेली असते. तंतू लांबीच्या दशलक्षांश भागाने ताणला गेला, की या बदलात सुमारे ०.०५ मेगाहर्ट्‌झची भर पडते. परतीला लागलेल्या वेळेवरून जागा कळते. जपानच्या एनटीटी या दूरध्वनी कंपनीतील संशोधकांनी १९८९ मध्ये ताण आणि वारंवारता यांतील हा संबंध प्रसिद्ध केला.

खरी अडचण केबलच्या चांगुलपणातच आहे. दळणवळणाच्या केबलमध्ये तंतू नळीत सैल आणि किंचित जास्त लांबीचा ठेवतात, जेणेकरून केबल ताणली तरी काचेवर भार येऊ नये. परिणामी तोच तंतू मोजणीसाठी वापरल्यास बराच ताण वाढेपर्यंत त्याला काहीच जाणवत नाही. म्हणून आधारतारेशी किंवा बळकटी देणाऱ्या भागाशी घट्ट चिकटवलेला स्वतंत्र तंतू केबल बनवतानाच घालणे आवश्यक आहे, आणि मानके ठरवणाऱ्यांनी या तरतुदीचा आग्रह धरावा, कारण टांगून झालेल्या केबलमध्ये ती नंतर करता येत नाही.

दुसरी अडचण तापमानाची. एका अंशाने वारंवारता सुमारे १ मेगाहर्ट्‌झ सरकते, म्हणजे लखनौतील ४० अंशांचा वार्षिक फरक ८०० दशलक्षांश ताणल्याचा आभास निर्माण करू शकतो, आणि त्याची वजाबाकी केल्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही. येथे सैल तंतू उपयोगी पडतो: ताण न जाणवणारा हा तंतू तापमान सांगतो आणि चिकटवलेला तंतू दोहोंची बेरीज. वाऱ्याने होणारी थरथर मात्र या पद्धतीला सहसा पकडता येत नाही, कारण क्षीण संकेतांची सरासरी काढण्यात बराच वेळ जातो. त्यासाठी खांबावरील पकडीजवळ, जिथे तार वारंवार वाकून झिजते, तिथे विशिष्ट तरंगलांबी परावर्तित करणारी फायबर ब्रॅग ग्रेटिंग बसवणे अधिक योग्य ठरते.