सही एकाची, घाई सगळ्यांची

नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेले विमान देखभाल-दुरुस्ती केंद्र २०१५ पासून सुरू आहे. अशा कोणत्याही हँगरमधून विमान बाहेर पडते ते एका सहीवर. डीजीसीएचा परवाना असलेला अभियंता ती सही करतो आणि चूक निघाली तर परवाना त्याचाच धोक्यात येतो. पगार मात्र कंपनी देते, आणि जमिनीवर उभे असलेले विमान म्हणजे तिचा तासागणिक तोटा. दबावाचे मूळ इथेच आहे. ‘नियम मोड’ असे उघडपणे म्हणावे लागत नाही. ‘अजून किती वेळ?’ एवढे दर अर्ध्या तासाने विचारले तरी पुरते.

कधी तर विचारणाराही नसतो. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॉकपिटची काच हवेत निखळली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले म्हणून वाचला. रात्रपाळीला माणसे कमी, म्हणून काच पाळीप्रमुखाने स्वतःच बसवली होती. ९० पैकी ८४ बोल्ट कमी जाडीचे निघाले. मनुष्यबळ तोकडे ठेवणे हाही दबावच, फक्त त्याला आवाज नसतो. देखभालीतल्या चुकांची बारा कारणे सांगणारी एक यादी कॅनडात तयार झाली. जगभर शिकवल्या जाणाऱ्या त्या यादीत थकवा आहे, तसा दबावही आहे.

तेव्हा ‘तांत्रिक कारणाने उड्डाणास विलंब’ अशी घोषणा झाली, तर काउंटरवर आवाज चढवू नका.