पाणी ओके आहे ना बॉस?

परवा सोसायटीच्या मीटिंगला एक काका चक्क पेनाएवढा टीडीएस मीटर खिशात घालून आले. बोअरच्या पाण्यात बुडवला, आकडा आला २८०. ‘बघा, एकदम प्युअर!’ टाळ्या! मीही वाजवल्या. घरी आल्यावर मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. हा मीटर नक्की मोजतो काय?

तर, पाण्यातून वीज किती सहज वाहते, एवढंच. त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज. कुठला क्षार, ते त्याला कळत नाही. आर्सेनिकची आपल्याकडची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे या मीटरवरच्या ‘१’ या आकड्याचा शंभरावा हिस्सा. पाण्यात विष असलं तरी मीटर गप्पच!

ही थिअरी नाही. बांगलादेशात तळ्याचं पाणी पिऊन लहान मुलं दगावत होती, म्हणून १९७० च्या दशकापासून युनिसेफच्या मदतीनं ट्यूबवेल आल्या. पाणी गार, नितळ. आर्सेनिक तपासायचं कुणाला सुचलंच नाही. शेजारच्या पश्चिम बंगालमध्ये १९८३ साली कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांना पेशंटच्या त्वचेवरच्या डागांमागे हेच विष सापडलं. बांगलादेशातल्या १९९८-९९ च्या पाहणीत २७ टक्के उथळ ट्यूबवेलमध्ये ५० मायक्रोग्रॅमहून जास्त आर्सेनिक निघालं.

हे आलं कुठून? कारखान्यातून नव्हे, जमिनीतूनच. नद्यांनी हिमालयातून आणलेल्या वाळूच्या कणांवर लोखंडाच्या गंजाचा थर असतो आणि आर्सेनिक त्याला चिकटलेलं. गाळात गाडल्या गेलेल्या पाल्यापाचोळ्यावर जिवाणू ताव मारतात. ऑक्सिजन संपला की गंज विरघळतो आणि आर्सेनिक सुटतं थेट पाण्यात. म्हणून तिथं करड्या वाळूतलं पाणी संशयास्पद, नारिंगी वाळूतलं बहुधा सेफ.

कोलंबिया युनिव्हर्सिटीचे भू-रसायनतज्ज्ञ अलेक्झांडर व्हॅन गीन यांच्या टीमनं ढाक्याजवळच्या अराइहजार भागात सुमारे ६,००० ट्यूबवेल तपासल्या. साधारण निम्म्या धोक्याच्या. पण खरी बातमी पुढेच आहे. सुमारे ९० टक्के लोकांच्या घरापासून १०० मीटरच्या आत एक सेफ ट्यूबवेल होती! म्हणजे जीव वाचवणारं पाणी शेजारच्याच अंगणात. फक्त ते कुठलं, हे तपासल्याशिवाय कळत नव्हतं. चव, रंग, वास, सगळं सेम टू सेम.

आपल्या पुण्याखाली बंगालसारखा गाळ नाही, काळा बेसॉल्ट आहे. त्यामुळे आर्सेनिकचं टेन्शन लगेच घेऊ नका. पण चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांत भूजलातल्या फ्लोराइडनं दात आणि हाडं खराब केली आहेत. तेही दिसत नाही, लागत नाही. खडक बदलला की पाण्याची कुंडली बदलते. आणि कुंडली लॅबमध्येच मांडतात.

मग काय, काकांना फोन लावला. ‘काका, मीटर मस्तच आहे. पण बोअरच्या पाण्याची एक बाटली लॅबला पाठवू या?’

‘खर्च किती?’

‘गणपतीच्या डेकोरेशनपेक्षा नक्की कमी!’

काका हसले. बाटली सोमवारी जातेय. तुमची कधी?