तीन सिंहस्थ आणि एक लायका

नाशिककर वर्षं मोजतो सिंहस्थावर. २००३ चा सिंहस्थ भरला तेव्हा डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा बाजारात नव्हताच. पहिला आला पुढच्या वर्षी, एप्सनचा आर-डी१. सहा मेगापिक्सेलचा, आणि डिजिटल असूनही दर फोटोआधी अंगठ्याने खटका ओढून शटर भरायचं! २००६ मध्ये लायका एम८ आला. त्यात काळे सिंथेटिक कपडे जांभळे दिसत. कंपनीने ग्राहकांना फिल्टर फुकट देऊन वेळ निभावली. मग ९ सप्टेंबर २००९ ला एम९ आला. फुल फ्रेम, १८ मेगापिक्सेल, कोडॅकचा सीसीडी सेन्सर.

रामकुंडावर या जातीच्या कॅमेऱ्याचा फायदा लगेच कळतो. बघायच्या खिडकीतून चौकटीबाहेरचंही दिसतं, त्यामुळे डुबकी मारायला धावत येणारा साधू चौकटीत शिरण्याआधीच नजरेत येतो. संध्याकाळच्या आरतीला मात्र एम९ हात टेकतो. आयएसओ ८०० च्या पुढे फोटोत दाणे उठतात.

२०१५ चा सिंहस्थ आला तोवर एम९ची अब्रू पणाला लागली होती. सेन्सरवरची काच गंजत होती. कंपनी सेन्सर फुकट बदलून देत होती, ती सवलत २०१७ मध्ये संपली. पुढे सुटे सेन्सरही संपले. आज भाव ठरतो तो यावरच. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठून बोराबाजारात जुना एम९ बघणारा जाणकार आधी सेन्सर बदलल्याचे कागद मागतो. मग अपर्चर एफ १६ वर नेऊन मोकळ्या आभाळाचा फोटो काढतो आणि तो मोठा करून पांढुरकी वलयं शोधतो. शेवटी लांबच्या इमारतीवर रोखून खिडकीतल्या दोन प्रतिमा एकावर एक बसतात का, ते पाहतो. त्या बसत नसतील तर कारागीर जुळवून देतो. सेन्सर गेला असेल तर विषयच संपला.

एवढं असूनही चांगला एम९ लाखाच्या खाली मिळत नाही. त्याच्याच काळातला, २१ मेगापिक्सेलचा कॅनन ५डी मार्क टू साध्या मोबाइलच्या भावात जातो. सीसीडीच्या रंगांची जादू लोक सांगतात. मला त्यात निम्मी भक्ती वाटते. खरी किंमत पुढच्या कडीची. १९५४ पासूनच्या एम लेन्सा तिच्यावर आजही बसतात, आणि घरात तशी लेन्स असलेल्याला फुल फ्रेम डिजिटल लायकात याहून स्वस्त वाट फारशी नाही.

२०२७ च्या पर्वणीला तो न्यायचा असेल तर खुशाल न्यावा. जोडीला दुसरा कॅमेरा मात्र ठेवावाच.