दोन महासत्तांच्या चढाओढीत गोवा

अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यामधील शीतयुद्ध हा विषय आपल्या भागातील श्रोत्यांना काहीसा दूरचा वाटण्याचा संभव आहे. वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्या स्पर्धेचा पेडण्या-डिचोलीशी संबंध तो काय, असे कोणीही विचारील. परंतु गोव्याच्या मुक्तीचा इतिहास केवळ लिस्बन आणि दिल्ली यांच्यातील वाद म्हणून वाचला, तर त्यातील काही गोष्टींचा उलगडाच होत नाही. भारत १९४७ साली स्वतंत्र झाला. फ्रेंचांनी १९५४ साली पाँडिचेरीचा कारभार भारताच्या हवाली केला. मग एवढासा पोर्तुगाल आणखी सात वर्षे कोणाच्या बळावर अडून बसला? आणि १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात शिरले, तेव्हा जगाने त्याला का अडवले नाही? ह्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी महासत्तांच्या राजकारणात सापडतात.

पोर्तुगाल हे १९४९ साली स्थापन झालेल्या नाटो संघटनेचे संस्थापक सदस्य राष्ट्र. त्याचे लष्करी बळ बेताचेच होते. मात्र अटलांटिक महासागरातील अझोर्स बेटे त्याच्या ताब्यात होती. त्या बेटांवरील लाजेस येथील विमानतळ अमेरिकेच्या लष्करी विमानांना युरोपकडे जाताना विसाव्याचे ठिकाण म्हणून अत्यंत मोलाचा होता. सालाझार यांनी हे मर्म अचूक ओळखले होते. वसाहती हा शब्द जगात बदनाम होऊ लागताच १९५१ साली त्यांनी घटनादुरुस्ती करून आपल्या वसाहतींना ‘सागरापलीकडील प्रांत’ असे नाव दिले. नाव बदलल्याने वस्तुस्थिती बदलत नाही, हे खरे. पण मुत्सद्देगिरीत नावालाही किंमत असते. ‘प्रांत’ म्हटले की तो देशाचा भाग, आणि देशाच्या भागावर हल्ला झाला तर मित्रांनी धावून यावे, अशी ही मांडणी होती. प्रत्यक्षात नाटोच्या करारातील संरक्षणाची हमी युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील अटलांटिक क्षेत्र यांपुरती मर्यादित होती. गोवा त्या मर्यादेत कोठेच बसत नव्हता. तरीही मित्रराष्ट्राला दुखवायचे नाही, हा संकोच अमेरिकेच्या मनात कायम राहिला.

ह्या संकोचाचे दर्शन १९५५ साली घडले. त्या वर्षी १५ ऑगस्ट रोजी भारताच्या सर्व प्रांतांतून आलेल्या सत्याग्रहींनी गोव्याची सीमा ओलांडली. आपल्या पेडणे महालातील पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. पंजाबचे तरुण कर्नैलसिंग तेथेच धारातीर्थी पडले. त्यानंतर पं. नेहरूंनी सामुदायिक सत्याग्रह थांबवला आणि आर्थिक नाकेबंदीवर भर दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत नेते बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह भारताच्या दौऱ्यावर आले. गोव्याच्या प्रश्नावर त्यांनी जाहीर सभांतून भारताची बाजू उचलून धरली. तिकडे २ डिसेंबर रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्हा यांच्यासमवेत एक संयुक्त पत्रक काढले. त्यात गोव्याचा समावेश ‘पोर्तुगीज प्रांतां’त होईल अशी शब्दयोजना होती. चारच दिवसांनी वार्ताहर परिषदेत डलेस यांनी ती भूमिका अधिक स्पष्ट केली: गोवा सुमारे चारशे वर्षे पोर्तुगीज आहे आणि सारे जग त्याला पोर्तुगीज प्रांत मानते, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

चारशे वर्षांचा हा हिशेब तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी यांच्यापुरता ठीक आहे. पण पेडणे, डिचोली, सत्तरी ह्या नव्या काबिजादी अठराव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत पोर्तुगिजांकडे गेल्या. डलेस बोलत होते तेव्हा पेडण्यावर पोर्तुगीज अंमल येऊन पावणेदोनशे वर्षेही झाली नव्हती. त्याआधी हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा. दूरच्या राजधानीत नकाशावर एकाच रंगाने रंगवलेल्या प्रदेशाचा इतिहासही एकच असेल, असे गृहीत धरले जाते. त्याचे हे बोलके उदाहरण म्हणावे लागेल.

त्याच डिसेंबरात आणखी एक घटना घडली. दोन्ही गटांच्या देवाणघेवाणीतून १४ डिसेंबर १९५५ रोजी एकाच वेळी सोळा राष्ट्रांना संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्यत्व मिळाले. त्यात पोर्तुगालही होता. परतंत्र प्रदेशांविषयी माहिती देण्याची वेळ आली तेव्हा, आपल्याकडे असा एकही प्रदेश नाही, असे उत्तर लिस्बनने दिले. पुढे हेच उत्तर त्याच्या अंगाशी आले.

नाकेबंदीचा परिणाम अपेक्षेप्रमाणे झाला नाही, ह्याचे कारण डिचोलीच्या डोंगरात होते. तेथील लोहखनिजाला परदेशांत मोठी मागणी आली. मांडवीतून बार्जींनी मुरगावकडे जाणारे हे खनिज मुख्यतः जपान आणि पश्चिम जर्मनी येथील पोलाद कारखान्यांकडे जाई. हे दोन्ही देश अमेरिकेच्या गटातले आणि युद्धानंतर पुन्हा उभे राहू पाहणारे. खनिजाच्या पैशावर परदेशी माल येत राहिला. सीमेवरील पेडणे महालाला मात्र, ज्याचे बाजार आणि सोयरिकी बांदा-सावंतवाडीशी जोडलेल्या, नाकेबंदीची झळ अधिक लागली.

१९६० पासून वारे फिरू लागले. आफ्रिकेतील अनेक राष्ट्रे स्वतंत्र होऊन संयुक्त राष्ट्रसंघात आली. १४ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने वसाहतवाद संपुष्टात आणण्याचा जाहीरनामा संमत केला आणि दुसऱ्याच दिवशी पोर्तुगालचे ‘प्रांत’ हे परतंत्र प्रदेशच आहेत, असा ठराव केला. त्या यादीत गोव्याचा स्पष्ट उल्लेख होता. १९६१ च्या आरंभी अंगोलात उठाव झाला. नवे अध्यक्ष केनेडी यांच्या सरकारने त्या वर्षीच्या मार्च महिन्यात अंगोलाच्या प्रश्नावर पोर्तुगालविरुद्ध मतही दिले. परंतु अझोर्सच्या तळाचा करार १९६२ अखेर संपणार होता, ही टांगती तलवार वॉशिंग्टनला विसरता येण्याजोगी नव्हती. म्हणून डिसेंबरात दिल्लीतील राजदूत गॅलब्रेथ यांनी नेहरूंना लष्करी कारवाई पुढे ढकलण्याची विनंती केली. बदल्यात भारताच्या हाती पडेल असे निश्चित काही देण्याची त्यांच्या सरकारची तयारी नव्हती.

१८ डिसेंबरला पहाटे सैन्य हलले. ब्रिगेडियर सगतसिंग यांची ५० वी पॅराशूट ब्रिगेड दोडामार्गाकडून उतरली. तिच्याकडे दुय्यम कामगिरी सोपवलेली होती, पण त्याच संध्याकाळी तिची एक तुकडी पणजीसमोर बेतीला पोहोचली. त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये पोर्तुगालच्या तक्रारीवरून सुरक्षा परिषद भरली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी ठराव मांडला: युद्ध तात्काळ थांबवावे आणि भारताने १७ डिसेंबरपूर्वीच्या जागी सैन्य मागे घ्यावे. ठरावाच्या बाजूने सात, विरुद्ध चार मते पडली. विरोधकांत सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांच्याबरोबर सोव्हिएत संघ होता, आणि त्याच्या नकाराधिकाराने ठराव बारगळला. न्यूयॉर्कची रात्र म्हणजे आपल्याकडे १९ तारखेची सकाळ. त्याच सकाळी भारतीय सैनिक होड्यांतून पणजीत उतरले. संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली.

म्हणजे नकाराधिकाराने लढाई जिंकली, असे म्हणता येणार नाही. त्याने टाळला तो पुढचा गुंता. काश्मीरचा प्रश्न १९४८ पासून परिषदेच्या दप्तरात कसा पडून राहिला, हे भारताने अनुभवले होते. ठराव संमत झाला असता तर गोव्याचेही तसेच एक दप्तर उघडले असते. आमसभेत आफ्रिकी-आशियाई राष्ट्रांचे संख्याबळ पाहून पाश्चात्त्यांनी प्रश्न तेथे नेण्याचे टाळले. अमेरिकेचे प्रतिनिधी स्टीव्हन्सन यांनी त्या रात्री, बळाच्या वापराला अशी मुभा दिली तर संघटनाच लयाला जाईल, अशी भीती व्यक्त केली. तिच्यातील तत्त्व आपण सहज झटकून टाकू नये. परंतु चौदा वर्षे शांततेने मागणी केल्यावर दुसरा कोणता मार्ग होता, हे त्यांनीही दाखवले नाही.

मॉस्कोलाही गोव्याचा विशेष कळवळा होता, असे मानण्याचे कारण नाही. पाच वर्षांपूर्वी त्याने हंगेरीत रणगाडे घातले होते; बर्लिनची भिंत उभी राहून तर चारच महिने झाले होते. वसाहतवादाविरुद्ध मत देणे त्याला सोपे होते, आणि नवस्वतंत्र राष्ट्रांची मैत्री मिळवण्याचा तो स्वस्त मार्ग होता. सोव्हिएत राष्ट्रप्रमुख ब्रेझनेव्ह त्याच दिवसांत भारतात होते, आणि त्यांनी कारवाईला जाहीर पाठिंबा दिला.

ह्या प्रकरणात सालाझार यांनी एक डाव मात्र साधला. १९६२ अखेर त्यांनी अझोर्सचा करार रीतसर वाढवला नाही, पण अमेरिकनांना हाकललेही नाही. त्यांना तसेच लटकत ठेवले. अंगोलाविषयी वॉशिंग्टनचा आवाज त्यानंतर खालावला. गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व लिस्बनने नाकारले ते १९७४ पर्यंत. त्या वर्षी २५ एप्रिलला तेथे राज्यक्रांती झाली आणि ३१ डिसेंबर रोजी नवी दिल्लीत करार झाला. पोर्तुगालतर्फे मारियो सोआरेस यांनी आणि भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी त्यावर सह्या केल्या. हे प्रदेश भारतात आले त्या तारखेपासूनच भारताचे सार्वभौमत्व मान्य असल्याचे त्यात नमूद केले आहे. ह्या वेळी दोघांनाही कोणत्याच महासत्तेच्या मध्यस्थीची गरज भासली नाही.