भुलीचे इंजेक्शन : भीती कशाची बाळगावी?

शस्त्रक्रियेची तारीख ठरली की आपल्या भागातील माणूस पोट कापण्याला जितका भीत नाही तितका भुलीला भितो. "कापायचे ते कापा, पण बेहोश करू नका," असे डॉक्टरांना विनवणारे वयस्क चिखला, गोबरवाही, तुमसर ह्या पट्ट्यात घरोघरी सापडतील. आम्ही बँकेच्या खिडकीवर बसणारी माणसे. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडायला कोणी आले की कारण विचारावे लागते. कारण 'ऑपरेशन' असेल तर पुढचे वाक्य बहुधा भुलीबद्दलच असते. कोणाचा मामा टेबलावरून उठलाच नाही, कोणाच्या काकूची कंबर पाठीतल्या सुईने जन्माची गेली. आम्ही डॉक्टर नाही, कला शाखेचे पदवीधर आहोत. तरीही ह्या विषयाची जी माहिती वाचून आणि जाणकारांना विचारून मिळाली ती समाजबांधवांपुढे आणि विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवावी असे वाटले.

भूल नव्हती तेव्हा काय होत असे, हे आधी पाहू. विनयपिटकाच्या महावग्गात भगवान बुद्धांचे वैद्य जीवक ह्यांची हकीकत आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीचे डोके दुखत असे. जीवकाने त्याला खाटेवर निजवले, खाटेला बांधले आणि मग डोक्याची कातडी चिरून आतले किडे बाहेर काढले. आमचे लक्ष त्या बांधण्याकडे जाते. जीवकासारख्या कुशल वैद्यालाही रोगी हलू नये म्हणून दोरीच वापरावी लागली. पुढे दोन हजारांहून अधिक वर्षे जगभर हीच रीत होती. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टन येथे मॉर्टन ह्या दंतवैद्याने ईथर हुंगवून शस्त्रक्रिया करता येते हे जाहीरपणे दाखवले. पाच महिन्यांतच, २२ मार्च १८४७ रोजी, ते ईथर कलकत्त्यात वापरले गेले. त्या काळात बातमी जहाजाने येत असे, हे लक्षात घेतले म्हणजे लोकांना ह्या शोधाची किती निकड होती ते कळते.

भीतीही त्याच सुमारास जन्माला आली आणि ती निराधार नव्हती. ईथरच्या पाठोपाठ क्लोरोफॉर्म आला. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये पंधरा वर्षांची एक मुलगी पायाचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने दगावली. क्लोरोफॉर्म श्वास थांबवून मारतो की हृदय, ह्या प्रश्नावर अर्धशतक वाद चालला. त्या वादाचा मोठा भाग आपल्याकडे, निजामाच्या हैदराबादेत घडला. (मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता.) १८८८ आणि १८८९ मध्ये तेथे दोन क्लोरोफॉर्म आयोग नेमले गेले, निजामाने पैसा दिला, शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. निष्कर्ष निघाला की फक्त श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाची चिंता करू नका. पुढे तो चुकीचा ठरला. क्लोरोफॉर्म हृदयाची लय बिघडवून अचानक मृत्यू आणू शकतो, हे विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झाले आणि कालांतराने ते औषध शस्त्रक्रियागृहातून गेले. त्याच हैदराबादेत रूपाबाई फरदुनजी ह्या भारतीय स्त्रीने क्लोरोफॉर्म देण्याचे काम केले. स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचे नाव अगदी आरंभी घेतले जाते. आमच्या विद्यार्थिनींनी हे नाव टिपून ठेवावे.

आज दिली जाणारी भूल मुख्यतः दोन प्रकारची. एक पूर्ण भूल. हिच्यात शिरेतून औषध देऊन रोग्याला झोपवतात आणि बहुधा घशात नळी घालून श्वास चालू ठेवतात. ह्यासाठी वापरले जाणारे प्रोपोफॉल हे औषध दिसायला दुधासारखे पांढरे असते. खेड्यापाड्यांत केटामाइनचा वापर बराच झाला, कारण त्याने श्वास सहसा चालू राहतो. मात्र उठताना रोगी बडबडतो, त्याला चित्रविचित्र दिसते. "भुलीत अंगात आले" असे जे सांगितले जाते त्यातले पुष्कळसे ह्या औषधाचे काम असावे असे आम्हास वाटते. दुसरा प्रकार म्हणजे पाठीतली सुई. कमरेच्या मणक्यांमधून बारीक सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात औषध सोडतात. कमरेखालचा भाग काही तास बधिर होतो, माणूस जागाच असतो. बाळंतपणाचे सिझेरियन, हर्निया, हाडाची शस्त्रक्रिया ह्यांत हीच रीत सोयीची.

ह्या पाठीतल्या सुईइतकी बदनाम सुई दुसरी नाही. सिझेरियन झालेल्या दहा भगिनींना विचारा, निम्म्या तरी कंबरदुखीचा दोष तिला देतील. सुईच्या जागी दोन-चार दिवस ठणका राहू शकतो. पण वर्षानुवर्षे चालणारी कंबरदुखी ह्या सुईने होते असे अभ्यासांत आढळलेले नाही. गरोदरपणात कमरेवर आलेला ताण, नंतर मूल कडेवर घेऊन केलेले काम, रोवणीत दिवसभर वाकणे ही कारणे समोर असतात, पण दोष सुईला देणे सोपे. खरा त्रास होतो तो डोकेदुखीचा. सुईच्या छिद्रातून आतले पाणी थोडे झिरपले तर एक-दोन दिवसांनी उठून बसताच डोके फुटायला लागते आणि आडवे होताच उतरते. सुया बारीक झाल्यापासून हे प्रमाण पुष्कळ घटले आहे. असे डोके दुखले तर झाडफूक न करता डॉक्टरांस सांगावे, त्यावर इलाज आहे.

"भूल न देताच करा" म्हणणाऱ्यांसाठी एक खटला सांगतो. ६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या समुद्रकिनारी सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. त्याचे वडील स्वतः डॉक्टर होते. ९ मेला त्याला पुण्याला आणले. तेथे त्याला मॉर्फियाचे इंजेक्शन देण्यात आले, पूर्ण भूल दिली नाही, आणि हाड जोर लावून बसवले गेले, असे न्यायालयांना पुराव्यावरून आढळले. त्याच रात्री मुलगा धक्क्याने दगावला. रोगी थकलेला होता म्हणून भूल मुद्दाम टाळली आणि हलकाच ताण दिला, असा डॉक्टरांचा बचाव होता, तो मानला गेला नाही. तीन हजार रुपयांची भरपाई खालच्या न्यायालयाने दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांचे अपील फेटाळले. 'जोशी विरुद्ध गोडबोले' ह्या नावाने हा निकाल वकिलीचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. असह्य वेदना हीसुद्धा शरीरावरची जखमच आहे. म्हणून भुलीचा धोका मोजताना भूल न देण्याचा धोकाही मोजावा लागतो.

ह्याउलट 'नुसती गुंगी' म्हटले की लोक निर्धास्त होतात. दुर्बिणीने पोटाची तपासणी करताना किंवा लहान मुलाचा फोटो काढताना गुंगीचे औषध देतात. पण हलकी गुंगी आणि गाढ बेशुद्धी ह्यांच्यामध्ये भिंत नसते, उतार असतो. एकाला पेंग आणणारी मात्रा दुसऱ्याचा श्वास मंद करते. प्रसिद्ध गायक मायकेल जॅक्सन २५ जून २००९ रोजी वारला तो ह्याच प्रोपोफॉलने. झोप यावी म्हणून त्याच्या डॉक्टराने ते घरच्या घरी दिले होते, देखरेखीची पुरेशी साधने नव्हती. २०११ मध्ये त्या डॉक्टराला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवण्यात आले. तेच औषध जगभर रोज असंख्य रोग्यांना दिले जाते आणि ते जागे होतात, कारण शेजारी कोणीतरी श्वास, नाडी, रक्तदाब पाहत उभे असते. कोविडच्या साथीत आपण सर्वांनी बोटाला लावलेली ती चिमट्यासारखी वस्तू, ऑक्सिमीटर, भूलतज्ज्ञाचा डोळाच होय. रक्तातला प्राणवायू घटू लागला की ओठ निळे पडण्यापूर्वीच ती सांगते. म्हणून रुग्णालयात औषधाचे नाव विचारण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. भूल कोण देणार, आणि ते शेवटपर्यंत जवळ थांबणार का?

आता उपाशी राहण्याची गोष्ट. भुलीत घसा सैल पडतो. पोटात अन्न असेल तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकते आणि हे खरोखर जीवघेणे आहे. म्हणून साधारणपणे अन्न सहा तास आधी, तेलकट-मटणाचे जेवण आठ तास आधी बंद करतात. दूध आणि दुधाचा चहा हे अन्नातच मोडतात. आईचे दूध चार तास आधीपर्यंत, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. आपल्याकडे मायेपोटी आजी लपून पोराला बिस्किट चारते आणि "काही खाल्ले नाही ना?" ह्या प्रश्नाला सगळे घर मान हलवते. तसे घडले असेल तर सांगून टाकावे. शस्त्रक्रिया चार तास पुढे जाईल, इतकेच.

पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नये, आणि येथे आम्हास विशेष सांगायचे आहे ते सिकलसेलबद्दल. विदर्भात, त्यातही भंडारा, गोंदिया, नागपूर, गडचिरोली ह्या बाजूस, आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासी बांधवांत हा आजार पुष्कळ आहे. ह्यात रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. पेशी वाकवणाऱ्या गोष्टी कोणत्या? अंगातले पाणी कमी होणे, थंडी वाजणे, प्राणवायू घटणे, वेदना. शस्त्रक्रियेत ह्या चारही गोष्टी एकत्र येऊ शकतात. आदल्या रात्रीपासून घोटभर पाण्याविना ठेवलेला रोगी दुपारी गार शस्त्रक्रियागृहात नेला तर सिकलसेलच्या माणसाला तो मोठाच धोका. भूलतज्ज्ञाला आधी माहीत असेल तर तो सलाईन वेळेवर लावतो, अंग गरम ठेवतो, प्राणवायू आणि वेदनेची काळजी घेतो, गरज वाटल्यास रक्ताची सोय करतो, आणि हातापायाला घट्ट पट्टा बांधायचा असेल तर दोनदा विचार करतो. माहीत नसेल तर ह्यातले काहीच घडत नाही आणि दोष मात्र 'भुलीच्या औषधाला' जातो.

तपासणी अवघड नाही. थेंबभर रक्ताची विद्राव्यता चाचणी सिकलसेल आहे की नाही एवढे सांगते. रोगी (एस.एस.) की केवळ वाहक (ए.एस.) हे इलेक्ट्रोफोरेसिसने कळते. वाहकाला भूल बहुधा इतरांसारखीच सोसते, तरी सांगणे आवश्यकच. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, त्यात ही तपासणी केली जाते. लग्नाच्या बोलणीत अडचण नको म्हणून पुष्कळ घरे हा अहवाल पेटीच्या तळाशी ठेवतात. निदान शस्त्रक्रियेच्या दिवशी तरी तो वर काढावा.

लपवण्याचा विषय निघाला म्हणून आणखी काही. मोहाची रोज घेणाऱ्या माणसाला भुलीच्या मात्रेचा हिशेब वेगळा लागतो. शिवाय दारू अचानक तुटली की शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांत तो भ्रमिष्टासारखे करू लागतो. बायको-सुनेसमोर कबूल करवत नसेल तर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगावे. बिडीचेही तसेच. खाणीत ज्यांची हयात गेली, भूमिगत खड्ड्यात छिद्रे पाडण्याचे, गाडे भरण्याचे काम ज्यांनी केले, त्यांनी आपण काय काम करीत होतो ते अवश्य सांगावे, कारण धूळ खाल्लेले फुप्फुस भुलीच्या वेळी सावकाश साथ देते. धानावर कीटकनाशक फवारणाऱ्यांनी फवारणीची तारीख सांगावी. काही विषारी फवारे रक्तातले एक द्रव्य कमी करतात आणि त्यामुळे स्नायू सैल करणाऱ्या एका औषधाचा असर मिनिटांऐवजी तासांवर जातो. रक्तदाबाच्या, साखरेच्या, फेफऱ्याच्या गोळ्यांची पाकिटेच सोबत न्यावीत. "पांढरी लहान गोळी" ह्या वर्णनाने कोणालाच काही कळत नाही.

संमतीपत्रावर सही हा तर आमच्या धंद्याचा विषय. कोऱ्या व्हाउचरवर सही करू नका हे आम्ही खिडकीतून रोज ओरडून सांगतो. पण तोच खातेदार रुग्णालयात चार कोऱ्या जागांवर अंगठा उमटवून येतो. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले की एका तपासणीसाठी दिलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी चालत नाही. तेथे रुग्ण स्त्री भुलीत असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढण्यात आले होते. सज्ञान माणसाची संमती त्याचीच, आणि जीव वाचवण्याची तातडी नसेल तर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबले पाहिजे. भुलीचा प्रकार, तिचे धोके, दुसरा मार्ग आहे का, हे आपल्याला समजणाऱ्या भाषेत ऐकण्याचा आपला हक्क आहे. तालुक्याच्या रुग्णालयात काय, नागपूरच्या मेडिकल-मेयोत काय, गर्दी असते हे खरे, तरी पाच मिनिटे मागून घ्यावीत.

औषधच भेसळीचे निघाले तर? ही शंकाही वेडगळ नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमध्ये विषारी रसायन मिसळलेले निघून चौदा रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन ह्यांच्या आयोगाने त्या व्यवहाराची लक्तरे चव्हाट्यावर मांडली. ते भुलीचे औषध नव्हते, पण रुग्णालयाच्या कपाटातलेच होते. २०१० पासून देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा कार्यक्रम चालू आहे. त्याचा निःशुल्क दूरध्वनी १८००-१८०-३०२४ असा आहे आणि रोगी किंवा त्याचे नातलग स्वतः नोंद करू शकतात. पूर्वी एखाद्या भुलीत अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला, शुद्ध यायला फार वेळ लागला असे झाले असेल तर त्या वेळच्या भुलीचा कागद रुग्णालयातून मागून घ्यावा. त्यावर दिलेल्या औषधांची नावे आणि मात्रा असतात. हा कागद पासबुकाच्या कव्हरात सहज मावतो.