छत्री अर्धी उघडते तेव्हा

विमानातून उडी मारण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: छत्री उघडलीच नाही तर? त्याचं उत्तर तसं सरळ आहे. पाठीवरच्या एकाच पिशवीत दोन छत्र्या असतात. पहिली आलीच नाही, तर दुसरी, म्हणजे रिझर्व्ह, ओढायची. घात करते ती अर्धी उघडलेली छत्री. डोक्यावर कापड दिसतं, वेगही थोडा उतरलेला असतो आणि मन म्हणतं, अजून एक झटका दिला की फुलेल. या आशेपायी माणसं गेली आहेत. पॅराशूटचा सव्वादोनशे वर्षांचा इतिहास मला म्हणूनच बिघाडांचा इतिहास वाटतो. त्यातली जवळजवळ प्रत्येक सुधारणा कुणाच्या तरी फसलेल्या उडीतून आली आहे.

आंद्रे-जॅक गार्नेरँ यांनी 22 ऑक्टोबर 1797 रोजी पॅरिसच्या पार्क मोन्सोवर, सुमारे 3,000 फुटांवर, फुग्याची दोरी कापली. छत्री उघडली, पण तिने असे हेलकावे घेतले की बघणाऱ्यांचा जीव टांगणीला लागला. कापडाखाली कोंडलेली हवा कधी या कडेने निसटत होती, कधी त्या. पुढे छत्रीच्या माथ्याला भोक ठेवलं गेलं आणि हवेला वाट मिळाली. इंग्लंडमधले चित्रकार रॉबर्ट कॉकिंग यांनी याच हेलकाव्यांवर दुसरा उपाय काढला: छत्री उलटी, टोक खाली आणि तोंड वर. कल्पना चुकीची नव्हती, पण सांगाडा दुबळा होता आणि छत्रीचं स्वतःचं सुमारे 250 पौंडांचं वजन हिशेबात धरलंच नव्हतं. 24 जुलै 1837 रोजी ती हवेतच मोडली आणि 61 वर्षांचे कॉकिंग गेले. एक दोष काढताना दुसरा आत शिरतो, हे या क्षेत्रात पुढेही अनेकदा घडलं.

आजची चौकोनी छत्री म्हणजे खरं तर हवा भरून फुगलेला पंख. डोमिना जॅल्बर्ट यांनी 1960 च्या दशकात तो घडवला. तो वळवता येतो, जमिनीशी आल्यावर वेग मोडून अलगद उतरवता येतो. मात्र सुरुवातीला तो इतक्या हिसक्याने उघडे की कापड फाटे आणि अंग मोडून निघे. त्यावर आला स्लायडर: चार कोपऱ्यांना कड्या असलेला कापडाचा लहानसा तुकडा. तो दोऱ्यांवरून हळूहळू खाली घसरतो आणि छत्रीला एकदम फुलू देत नाही. हाच स्लायडर कधी वर अडकून बसला, की छत्री अर्धीच फुलते. उपायातूनच नवा बिघाड जन्मतो, तो असा.

बिघाडांची जात ओळखणं हे स्कायडायव्हिंगच्या शिक्षणातलं सर्वांत गंभीर प्रकरण. पोटावर आडवा पडत जाणारा माणूस ताशी सुमारे 190 किलोमीटर वेग गाठतो. म्हणजे 1,000 फूट साधारण साडेपाच-सहा सेकंदांत. पायलट शूट ही लहान छत्री हवेत फेकली, पण तिने मुख्य छत्रीची पिशवी ओढलीच नाही, किंवा पिशवी बाहेर आली पण उघडली नाही, तर वेग कमी होतच नाही. 3,000 फुटांवरून जमीन तेव्हा सतरा-अठरा सेकंदांवर असते. दुसऱ्या प्रकारात छत्री फुलते, पण दोऱ्यांना पीळ पडलेला असतो, किंवा एखादी दोरी कापडावरून जाऊन छत्रीचे दोन भाग पाडते. साधा पीळ पाय मारून सुटतो. मात्र छत्री लहान आणि अंगावर भार जास्त असेल, तर तीच भोवऱ्यात जाते आणि उंची भराभर संपवते.

म्हणून नियम उंचीला बांधला आहे. अमेरिकेच्या पॅराशूट असोसिएशनच्या शिफारशीनुसार विद्यार्थ्याने 2,500 फुटांपर्यंत आणि अनुभवी उडीवाल्याने 1,800 फुटांपर्यंत निर्णय घेतलेला असायला हवा. डोक्यावरची छत्री चौकोनी आहे का, वळते का, ब्रेक ओढल्यावर वेग मोडते का? उत्तर नकारार्थी आलं, तर कटअवे: उजवीकडचं हँडल ओढून मुख्य छत्री सोडून द्यायची आणि लगेच डावीकडचं ओढून रिझर्व्ह आणायची. 1,000 फुटांखाली आल्यावर मात्र कटअवे करायचा नाही. आहे त्या कापडात रिझर्व्हचं कापड मिळवायचं. पायलट शूट मागे नुसतंच लोंबत असेल, तर आधी कटअवे करावा की थेट रिझर्व्ह ओढावी, यावर जाणत्यांतही दोन मतं आहेत. दोन्हींच्या बाजूने बोलण्यासारखं आहे. पण कुठलं मत पाळायचं हे जमिनीवर ठरवून हाताला घटवलं पाहिजे, यावर दुमत नाही. हार्नेसमध्ये टांगून विद्यार्थ्यांकडून हँडल ओढायचा सराव करून घेतात तो त्यासाठीच.

हे हँडल एका हाताने ओढता येतं, याचं श्रेय बिल बूथ यांना. 1970 च्या दशकापर्यंत दोन्ही खांद्यांवरचे धातूचे खटके वेगवेगळे उघडावे लागत; एक सुटला आणि दुसरा राहिला, तर गत आणखी वाईट. बूथ यांनी एकात एक अडकवलेल्या तीन कड्यांची रचना केली. प्रत्येक कडी भार कमी करत नेते, शेवटी तो एका बारीक लूपवर येतो आणि केबल ओढताच दोन्ही बाजू एकदम सुटतात. मला तरी या क्षेत्रातला हा सर्वांत सुंदर शोध वाटतो.

शुद्धच हरपली तर काय, याचा धडा 16 नोव्हेंबर 1959 चा. अमेरिकन हवाई दलाचे जोसेफ किटिंजर फुग्यातून 76,000 फुटांहून अधिक उंचीवरून निघाले. तोल सांभाळणारी लहान छत्री वेळेआधी सुटून गळ्याभोवती गुंडाळली गेली. मिनिटाला 120 फेऱ्या अशा गरगरण्यात ते बेशुद्ध पडले. आपोआप उघडणाऱ्या रिझर्व्हमुळे ते वाचले. महिन्याच्या आत त्यांनी पुन्हा उडी घेतली आणि 16 ऑगस्ट 1960 ला 1,02,800 फुटांवरून. सामान्य उडीवाल्यांच्या पाठीवर असं भरवशाचं यंत्र आलं ते 1991 मध्ये, जर्मनीच्या हेल्मुट क्लोट यांच्या सायप्रेसमुळे. सुमारे 750 फुटांवरही माणूस वेगाने पडतोय हे दिसलं, की ते रिझर्व्हचा लूप कापून टाकतं.

फळ दिसतं. 1970 च्या दशकात अमेरिकेत वर्षाला सरासरी चाळीसहून अधिक उडीवाले दगावत. 2023 मध्ये साडेछत्तीस लाखांच्या आसपास उड्या झाल्या आणि 10 जण गेले. आता बरेच मृत्यू निर्दोष छत्रीखाली होतात: जमिनीजवळ जोरात वळण घेताना. वेगाची हौस भागवायला लहान छत्र्या आल्या, त्याची ही किंमत.

आपल्याकडे ही विद्या प्रामुख्याने सैन्याची. आग्र्यात हवाई दलाची पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूल आहे आणि डीआरडीओची पॅराशूट घडवणारी प्रयोगशाळाही. बांगलादेश युद्धात 11 डिसेंबर 1971 ला टांगाइलवर उतरलेली 2 पॅरा ही मुळात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण. सैनिकी उडीत विमानाला बांधलेली पट्टी छत्री उघडते आणि उंची इतकी कमी असते की बिघाडावर विचार करायला वेळच नसतो. पुण्याच्या शीतल महाजन यांनी 18 एप्रिल 2004 रोजी उत्तर ध्रुवावर 2,400 फुटांवरून घेतलेली उडी ही त्यांची आयुष्यातली पहिलीच. वर सांगितलेला उंचीचा हिशेब मांडून पाहिला, की त्या धाडसाची खोली कळते.

सुट्टीत परदेशी जाऊन टँडम, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून, उडी घेणारी मराठी मंडळी आता बरीच आहेत. त्यांना सुचवावंसं वाटतं: रिझर्व्ह शेवटची कधी आणि कुणी घडी केली हे विचारा, अमेरिकेत ती दर 180 दिवसांनी परवानाधारक रिगरकडूनच करावी लागते. आपोआप उघडणारं यंत्र चालू आहे का, हेही विचारा. नीट चालणाऱ्या ठिकाणी रिझर्व्हच्या घडीची नोंद पिशवीतल्या कार्डावरच असते आणि ती दाखवायला दोन मिनिटंही लागत नाहीत.